कोहिमाचं सपाट मैदान

सर, तुमचा पेपर आता मी शिकवते. वर्ग तोच आहे, जिन्याच्या डाव्या हाताचा, आणि दुपारी खिडकीतून ऊन थेट फळ्यावर पडून अक्षरं दिसेनाशी होतात तेही तसंच आहे. दरवर्षी हिवाळा सरता सरता दुसरं महायुद्ध येतं आणि कुणीतरी विचारतंच, मॅडम, शेवटी जिंकलं कोण? दोस्त राष्ट्रं जिंकली हे पोरांना ठाऊक असतं. त्यांना म्हणायचं असतं की त्या दोस्तांपैकी नेमकं कुणामुळे. मी तुमच्यासारखी फळ्यावर उभ्या रेघा ओढते, वर देशांची नावं लिहिते आणि एकेकाला उभं करते. पण तुमच्यासारखं बोलता मला येत नाही. तुम्ही कुणाचंही ऐकून घेताना मान थोडी तिरपी करायचात, बाजारात मापात मारणाऱ्या दुकानदाराच्या तराजूकडे बघावं तशी, आणि बोलणाऱ्याचं निम्मं अवसान तिथेच गळायचं.

तुमच्याविषयी मला कळलेली एक गोष्ट गेलं वर्षभर मनात फिरते आहे. ती कुणाला सांगण्यासारखी नाही. म्हणून तुम्हालाच सांगायला बसले आहे. तुम्हाला ती माहीत आहे, पण मला ती कळली हे तुम्हाला माहीत नाही.

आमच्या एम.ए.च्या वर्गात तुम्ही तो वाद लावलात ते बांगलादेशच्या लढाईनंतरचे दिवस होते. काचांना चिकटवलेले काळे कागद अजून बऱ्याच घरांनी काढले नव्हते. अमेरिकेनं आपल्यावर आरमार धाडलं होतं आणि रशिया आपल्या बाजूनं उभा राहिला होता, त्यामुळे वर्गातल्या झाडून साऱ्यांना रशियाच्या बाजूनं बोलायचं होतं. अमेरिकेसाठी उभं राहायला कुणी मिळेना. तुम्ही म्हणालात, "गेल्या महिन्यातल्या आरमाराचा राग तीस वर्षांपूर्वीच्या लढाईवर काढू नका." मग एका मुलाला तुम्ही जबरदस्तीनं अमेरिका दिलीत. एकीला ब्रिटन दिलंत. मला रशिया मिळाला आणि मी खूश झाले, कारण माझ्याकडे सामान तयार होतं. रशियाची ती गुळगुळीत कागदाची मासिकं तेव्हा जवळजवळ फुकट मिळायची आणि घरोघर त्यांच्या पानांची पुस्तकांना कव्हरं घातली जायची. मी त्यातूनच उतरवून आणलं होतं. स्टालिनग्राड, बर्फ, उपाशी शहर, घरटी गेलेली माणसं. मी वाचत होते आणि वर्ग चिडीचूप होता. माझं संपल्यावर तुम्ही इतकंच विचारलंत, "हे कुणी छापलं?" मी मासिकाचं नाव सांगितलं. "तो फुकट का वाटतोय?" मी वहीत बघू लागले. "माणसं मेली हे खरं आहे. सगळ्यांत जास्त त्यांचीच मेली हेही खरं आहे. पण त्याआधी जवळजवळ दोन वर्षं त्यांचा हिटलरशी करार होता, दोघांनी मिळून पोलंड वाटून घेतला होता. ते पान तुझ्या मासिकात कुठे आहे?"

मी खाली बसले. मग अमेरिकेवाल्या मुलाला जरा जोर चढला. तो म्हणाला, रशियाचा शिपाई बर्लिनपर्यंत गेला तो आमच्या ट्रकमधून गेला, आमचे बूट घालून गेला आणि आमच्या डब्यातलं मांस खाऊन गेला. तुम्ही मान तिरपी करून म्हणालात, "आणि बुटात पाय कुणाचा होता?" ब्रिटनवाली म्हणाली, फ्रान्स पडल्यावर ब्रिटन एकटं उभं होतं. तुम्ही म्हणालात, "एकटं? आणि त्याच्यामागे आपण काय फर्निचर म्हणून उभे होतो?" सगळे हसले. चीनचं नाव कुणी काढेना. बासष्ट साल अजून कुणी विसरलं नव्हतं. तेव्हा चीनची बाजू तुम्ही स्वतः घेतलीत. जपानची केवढी फौज चीननं वर्षानुवर्षं आपल्या चिखलात अडकवून ठेवली, ती मोकळी असती तर कुठे गेली असती, हे तुम्ही नकाशावर दाखवत होतात आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तोंडानं फुस्स आवाज काढला. तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली की तुम्ही चीनधार्जिणे आहात. दुसरे कुणी म्हणाले, छे, रशियाचे आहेत, मासिकं त्यांच्याचकडे येतात. अमेरिकेचे असल्याचंही एकदा कानावर आलं. तुम्ही जसे सगळ्यांकडे संशयानं बघायचात तसे सगळे तुमच्याकडे बघायचे.

त्या दिवशी तास संपता संपता मी पुन्हा उभी राहिले. "सर, आपण कुठल्या रकान्यात?" तुम्ही खडू ठेवत होतात. म्हणालात, "ब्रिटनच्या." मी म्हटलं, "पण माणसं आपली होती." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मग शोध. पण एक लक्षात ठेव. आतापर्यंत बाकीच्यांनी आपापला वाटा फुगवून सांगितला. आता आपली पाळी आहे. आपणही फुगवू."

एम.ए. झाल्यावर मी तुमच्याकडेच प्रबंधासाठी नाव नोंदवलं. दोस्त राष्ट्रांच्या विजयात हिंदी शिपायांचा वाटा, असा विषय. कागद मिळत होते ते बहुतेक इंग्रजांनी लिहिलेले, त्यात आपला शिपाई शूर असायचा, निष्ठावान असायचा आणि मुका असायचा. मला बोलणारा शिपाई हवा होता. आणि तो माझ्या घरातच होता. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, लढाईवर जाऊन आलेले. गावात त्यांना सगळे लढाईवाले म्हणायचे. ते ओट्यावर बसले की चव्वेचाळीस सालच्या कोहिमाच्या लढाईची गोष्ट व्हायचीच. जपानी कसे आले, आपण कसे अडवले, आणि गावचाच त्यांचा मित्र, त्यांच्याबरोबर भरती झालेला, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून कसा गेला. त्या मित्राची आई आमच्या शेजारी राहायची. गोष्ट सुरू झाली की ती हातातलं काम टाकून यायची आणि भिंतीला पाठ लावून बसायची. मी लहानपणापासून ती तशी बसलेली पाहिली आहे. गोष्टीत तिचा मुलगा मेला की ती पदर डोळ्यांना लावायची, मग उठून घरी जायची आणि स्वयंपाकाला लागायची.

मी हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "मी येतो. मला ऐकायचं आहे." मला अभिमानही वाटला आणि धास्तीही. तुम्ही सहज कुठे जाणारे नव्हता. तुम्ही तपासायला येत होतात हे मला कळत होतं.

आपण एसटीनं गेलो ते दिवस अजून डोळ्यांपुढे आहेत. मृगाच्या बहाराची संत्री उतरत होती. आमच्या अंगणात ढीग पडले होते, बायका निवड करत बसल्या होत्या. मोठेबाबांनी तुमच्यासाठी खुर्ची आणवली आणि स्वतः खाटेवर बसले. धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरी टोपी. "बसा जी साहेब. आमची पोरगी तुमचं लय नाव घेते." तुम्ही पेन काढलंत. शेजारची आजी आली आणि नेहमीच्या जागी बसली. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, पण ती कोण हे विचारलं नाहीत. आणि मीही सांगितलं नाही, कारण मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. ती तिथे असायचीच.

मोठेबाबा सांगू लागतात. भरती, कवायत, बूट चावून सुजलेले पाय. तुम्ही मान हलवत लिहिता आहात. मग कोहिमा येतं. तुम्ही पेन थांबवून विचारता, "गाडीनं कुठल्या स्टेशनवर उतरलात?"

"कोहिमालेच, अजून कुठं? गाडी थांबली तं समोर कोहिमा."

पेन कागदावर टेकलेलं आहे, पण चालत नाही. "आणि जागा कशी होती?"

"सपाट, जी. एकदम मैदान. नजर जाईन तिथवर मैदान. त्याच्यानंच तं जपानी दुरून दिसे."

मी तुमच्याकडे बघते. तुमची मान तिरपी होते आहे. ती मान मला पाठ आहे. आता तिसरा प्रश्न येणार आणि त्या प्रश्नानंतर समोरच्या माणसाला उठून कुठे जावं कळणार नाही, हे मी वर्गात कितीदा पाहिलं होतं. मोठेबाबांनाही काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तेवढ्यात आजीनं भिंतीपासूनच विचारलं, "थो पानी मांगत होता, ते सांगतलं नाई तू साहेबाले."

"सांगतो नं वं माय."

"माहा पोरगा व्हय जी थो," आजी तुम्हाला म्हणाली. "याच्या मांडीवर गेला. हा होता त्याच्यापाशी." आणि मग, तुम्ही खुर्चीवर बसलेला, चष्मा लावलेला, नागपूरहून आलेला माणूस म्हणून, तिनं विचारलं, "तुम्ही तं लय पुस्तकं वाचले असान. हा सांगते ते खरं हाय ना जी?"

अंगणातल्या बायकांचे हात थांबले होते की नाही हे मला आठवत नाही. मला तुमचा चेहरा आठवतो. तुम्ही मान सरळ केलीत. म्हणालात, "खरं आहे, आजी. पुस्तकात असंच लिहिलंय." मग पेनला टोपण लावलंत, पेन खिशात ठेवलंत आणि मोठेबाबांना म्हणालात, "पुढे सांगा. पाणी मागितलं, मग?"

एका इंग्रज सेनापतीच्या आत्मचरित्रातल्या एका तारखेवरून तुम्ही आठवडाभर घोळ घातलेला मी पाहिला होता. आणि इथे सरळ सरळ नकाशा चुकत होता. कोहिमा डोंगरावर आहे, तिथे रेल्वे जात नाही, हे मलाही ठाऊक होतं, फक्त मोठेबाबांच्या तोंडून ऐकताना ते कधी डोक्यात आलं नव्हतं. गोष्ट लहानपणी कानात शिरली की ती नकाशापर्यंत पोचत नाही. तुमची मान तिरपी झाली तेव्हा ती गोष्ट माझ्या नकाशापर्यंत पोचली.

निघताना मोठेबाबा तुम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आले. तुमच्या सांगण्यावरून मी पुढे जाऊन पानटपरीवर एसटीची चौकशी केली. मागे वळून पाहिलं तर तुम्ही दोघं संत्र्याच्या पिशवीपाशी उभे होतात, तुम्ही काहीतरी सांगत होतात आणि मोठेबाबा खाली बघत होते. मला वाटलं, झालं, माझ्यादेखत बोलला नाहीत, ते आता झाडताय. एसटीत मी विचारलंच. "सर, कोहिमा तर डोंगरावर आहे ना?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत डोंगर सपाट होतात."

हे उत्तर तुमचं नव्हतं. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर तुम्ही त्याला वर्गाबाहेर काढलं असतंत. माझ्या मनात तिथून किडा शिरला.

मी मोठेबाबांवरचं प्रकरण लिहिलं. जागेबद्दलचा गोंधळ कबूल करून, तळटीप देऊन, पण लिहिलं. मला वाटत होतं, नाव चुकलं असेल, दुसरी कुठली जागा असेल, ब्रह्मदेशात सपाट मैदानं होतीच की. माणूस तर खरा आहे. ते घेऊन मी रामदासपेठेत तुमच्या घरी आले. तुमच्या पत्नी, आमच्या बाई, जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि तुम्ही स्वयंपाकघरात स्वतः चहा करत होतात. ओट्यावर बाईंनी लावलेले डबे तसेच होते, त्यांच्यावर बाईंच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या, आणि साखरेच्या डब्यात तुम्ही चहापत्ती भरली होती. गॅसच्या बाजूला उभं राहून तुम्ही माझी पानं वाचलीत. चहा उतू गेला तरी वाचत होतात. मग पानं नीट जुळवून माझ्या हातात दिलीत.

"हे प्रकरण काढून टाक."

"सगळं?"

"सगळं."

"का, सर? मी तळटीप दिली आहे. जागेचा संशय मी लपवलेला नाही."

"काढून टाक म्हटलं ना."

"पण कारण?"

"मी सांगतो म्हणून." तुम्ही फडक्यानं ओटा पुसत होतात, माझ्याकडे बघत नव्हता.

सर, 'मी सांगतो म्हणून' हे वाक्य तुम्ही आम्हाला जगातल्या सगळ्या सत्तांचं सगळ्यात जुनं खोटं म्हणून शिकवलं होतं. मी चहा न पिता निघाले. त्या दिवशी मी काहीच बोलले नाही, पण पुढची किती वर्षं मनात बोलत राहिले. पहिला संशय असा की तुम्हाला खेड्यातल्या माणसाची साक्ष चालत नाही. इंग्रज जनरल चुकला तर ती घोडचूक, त्यावर तुम्ही लेख लिहिणार, आणि धोतरवाला माणूस चुकला तर त्याला अख्खाच पुसून टाकणार. रामदासपेठेतल्या बंगल्याला फाट्यावरून चालत जायच्या गावाचं काय. दुसरा संशय याहून वाईट होता. मला वाटलं, हे तुम्हाला स्वतःला वापरायचं असेल. म्हणून तर तुम्ही मला टपरीवर पाठवून मोठेबाबांशी वेगळं बोललात. तुमचं नवं काही छापून आलं की मी आधी त्यात कोहिमा शोधायचे. ते कधीच नव्हतं. तरी किडा मेला नाही. एकदा मनात हेही आलं की तुम्हाला आपला वाटा मोठा झालेला बघवतच नाही, तुमच्या फळ्यावर आपण ब्रिटनच्याच रकान्यात बरे.

मोठेबाबांना मी विचारलं होतं, सर फाट्यावर काय म्हणाले. ते म्हणाले, "काई नाई वं, संत्र्याचा भाव इचारत होते." तेही मला पटलं नाही. आणि दुसरी एक गोष्ट लक्षात आली. पुढच्या दिवाळीला मोठेबाबांनी ओट्यावर गोष्ट सांगितली तेव्हा त्यात डोंगर आला होता. स्टेशनही बदललं होतं. "दिमापूरले उतरलो, तिथून ट्रकनं वर. डोंगर असा, का खाली पाहिलं तं भोवंड येईन." आजी भिंतीला पाठ लावून ऐकत होती. तिला फरक कळला नाही, किंवा तिचं तिकडे लक्षच नव्हतं, ती पाण्याची वाट बघत होती. मी मात्र चमकले. मला वाटलं, मीच घरी कोहिमाचं काहीतरी बोलले असेन आणि मोठेबाबांनी ते उचललं असेल. मला दोघांचाही राग आला.

प्रबंध त्या प्रकरणाशिवाय पूर्ण झाला. मी नोकरीला लागले. काही वर्षांनी तुम्ही वारलात.

गेल्या वर्षी शेजारची आजी वारली. फार म्हातारी झाली होती, शेवटी शेवटी माणसं ओळखेनाशी झाली होती, पण मोठेबाबा दिसले की "पानी मांगे ना गा थो?" एवढं विचारायची आणि मोठेबाबा "मांगे नं माय, मी पाजलं" म्हणायचे. तिच्या तेरवीला मी गावी गेले होते. जेवणं झाल्यावर मोठेबाबा मला म्हणाले, चाल, बगीचात जाऊन येऊ. विहिरीवर पंप चालू होता. ते पाटाच्या कडेला बसले आणि त्यांनी पाण्यात हात घातले. मग म्हणाले, "पोरी, मी कोहिमाले गेलोच नाई."

मला आधी कळलंच नाही की ते काय म्हणताहेत.

"मी जबलपूरच्या डेपोत होतो. फौजेच्या सामानाच्या पेट्या भरे. लढाई सरली तोवर पेट्याच भरल्या. थो गेला पुढं. त्याच्या पलटणीतला एक जन मंग डेपोत भेटला, त्यानं सांगतलं का हा तापानं गेला, रस्त्यातल्या दवाखान्यात. लढाई पाहिलीच नाई त्यानं. कोनीच नवतं त्याच्यापाशी." त्यांनी हात पाण्यातून काढून धोतराला पुसले. "मी घरी आलो तं थ्या माउलीनं येशीतच हात धरला माहा. म्हने, तू होता ना रे त्याच्यासंगं? आता काय सांगू मी तिले? हो म्हनलं. होतो म्हनलं. मंग तिनं इचारलं, पानी मांगतलं का त्यानं? म्हनलं, मांगतलं. एकदा सांगतलं तं मंग रोज सांगा लागलं. लोकं बी आयकाले बसे. मी काई नाव कमावाले नाई गेलो वं. पन नाव झालं, तं तेही खोटं कसं म्हनू?"

पाटातून वाहत आलेलं एक पान मी बाजूला काढलं.

"तुमच्या सरले त्याच दिवशी समजलं होतं," मोठेबाबा म्हणाले. "फाट्यावर मले म्हनाले, कोहिमा डोंगरावर हाय, तिथं रेल्वे जात नाई, दिमापूरले उतरा लागते. उद्या दुसरं कोनी शिकलेलं आलं आन् आजीसमोर इचारलं तं पंचाईत होईन. पुढं सांगान तं डोंगर सांगजा, असं म्हनाले. मले तं घाम फुटला. मी म्हनलं, साहेब, आता पोरगी हे लिहीन. थे म्हनाले, लिहू देणार नाही. ते माझ्यावर सोडा. आजी आहे तोवर मुलीला खरं सांगू नका, नंतर सांगा."

पंपाचा आवाज चालूच होता. मी मोठेबाबांना विचारलं, "आणखी काही म्हणाले?" ते म्हणाले, "दुसरं काई नाई. संत्र्याचा भाव खरंच इचारला होता."

सर, मी तिथे हसले की रडले मला सांगता येणार नाही, बहुधा दोन्ही. तुम्ही, ज्यांनी चर्चिलला सोडलं नाही, स्टालिनला सोडलं नाही, माझ्या फुकटच्या मासिकाला सोडलं नाही, त्याच तुम्ही पुस्तकाची खोटी साक्ष काढलीत. आणि नुसती काढली नाहीत, पुढच्या वेळी पकडली जाऊ नये म्हणून ती दुरुस्त करून दिलीत, डोंगर दिलात, स्टेशन दिलंत. आणि तेच खोटं इतिहासाच्या पुस्तकात जाऊ नये म्हणून माझ्याशी वाकडेपणा घेतलात, तोही कारण न सांगता, कारण सांगितलं असतंत तर मी मोठेबाबांच्या तोंडाकडे पुन्हा कशी बघणार होते? ते प्रकरण छापलं गेलं असतं तर आज माझ्या नावावर एक गेलाच नाही असा शिपाई असता. आणि जबलपूरच्या डेपोतला, पेट्या भरणारा माणूस कुठल्याच रकान्यात नसता. तो अजूनही नाही. त्याच्यावर लिहावं असं आता मनात येतं, पण मोठेबाबा आहेत तोवर नाही. ओट्यावर आता कोहिमा होत नाही. कुणी विषय काढला तर ते म्हणतात, "जुन्या गोष्टी झाल्या गा," आणि उठून जातात. लोकांना वाटतं म्हातारा थकला.

तुमच्याविषयीचे माझे सगळे जुने संशय त्या दुपारी फिटले. पण घरी आल्यावर एक नवा सुरू झाला. हे कागद कुणाकडे जायचे नाहीत, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही.

माझी तोंडी परीक्षा झाली त्या दिवशी अमरावतीहून आलेल्या परीक्षकांना रिक्षात बसवून तुम्ही परत आलात आणि मी कॉरिडॉरमध्ये उभी होते. आपल्यात तेव्हा कामापुरतंच बोलणं उरलं होतं. तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "माझ्या हाताखाली असं काम दुसऱ्या कुणी केलेलं नाही." एवढंच. तुम्ही कुणाची स्तुती करत नसायचात, म्हणून ते वाक्य मी जपलं. तुमच्यावर रागावलेली असतानाही जपलं. नोकरीत वाईट दिवस आले, माझा लेख साभार परत आला, वरच्या जागेवर मला डावलून दुसऱ्याला घेतलं, तेव्हा तेव्हा मी ते आठवायचे, कारण ते बोलणारा माणूस खोटं बोलत नाही याची मला खात्री होती. आता मला ठाऊक आहे की तुम्ही बोलता. चेहऱ्यावरची रेघ न हलवता, मान सरळ ठेवून बोलता, समोरच्याला गरज आहे असं वाटलं की बोलता. आणि त्या दिवशी त्या कॉरिडॉरमध्ये उभी असलेली मी कशी दिसत होते, कोण जाणे. तुमची मान तेव्हा तिरपी होती की सरळ, हे मी कितीदा आठवून पाहिलं. आठवत नाही.

ते अमरावतीचे परीक्षक अजून आहेत. निवृत्त झाले, पण तब्येत चांगली आहे, आमच्या परिषदेला दरवर्षी येतात. माझ्या प्रबंधाविषयी तुमचं खरं मत काय होतं हे त्यांना नक्की माहीत असणार, दोघं मिळून तुम्ही अहवाल लिहिला होता. आणि ते मोकळे गृहस्थ आहेत, विचारलं तर सांगतील. परवाही भेटले. शेजारच्याच खुर्चीवर येऊन बसले आणि तुमची आठवण काढली. मी त्यांना चहा विचारला. दुसरं काही विचारलं नाही.